जैन थाळी बनवणारे हात



पालिताणा-गिरनारच्या यात्रेला निघालं की मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आपली नजर ‘जैन जेवण मिळेल’ ही पाटी शोधते. वाटेतला डहाणू-तलासरीचा पट्टा वारली समाजाचा. शिक्षण नसलेल्या मुलाची हॉटेलातली सुरुवात टेबल पुसण्यापासून होते आणि अनेकदा तिथंच थांबते.

ग्रामीण गरीब तरुणांसाठी २०१४ पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. वय साधारण १५ ते ३५, प्रशिक्षण मोफत; हॉटेलचं कामही त्यात येतं. माझं म्हणणं एवढंच, की नुसतं वाढायला शिकवू नका, रांधायलाही शिकवा. वाढप्याच्या जागी दुसरा सहज मिळतो. चांगल्या आचाऱ्याला मालक सोडत नाही.

आणि इथं आपलं काम आहे. कांदा-लसणाशिवाय रस्सा दाट कसा करायचा, बटाट्याऐवजी कच्ची केळी कशी वापरायची, तवा-पळी वेगळी का ठेवायची, सूर्यास्तापूर्वी पानं कशी वाढायची, हे आपल्याइतकं कोण शिकवेल? महिन्यातल्या दोन दुपारी जवळच्या केंद्राला द्यायला काय हरकत आहे?

आपल्या चार दानांत आहारदान आहे, तसं ज्ञानदानही आहे. ज्यांच्या हातचं आपण विश्वासानं जेवतो, त्यांना ते दिलंच पाहिजे.