तासाभराची परीक्षा पुरेशी नाही

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, त्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात वसलेल्या मोलगीच्या शिधापत्रिकाधारकाचे धान्य आज मुख्यतः अंगठ्याच्या ठशावर अवलंबून असताना, तो ठसा पडताळणाऱ्या दूरच्या सर्व्हरने महिनाभर दम टिकवावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. परंतु तासाभराचा भार पेलणारी प्रणाली तोच भार आठवडाभर पेलेलच असे नाही. कारण वापरलेली मेमरी परत न करणे, उघडलेल्या जोडण्या बंद न करणे, कालगणनेतील सूक्ष्म चूक साठत जाणे, हे दोष दीर्घकाळ अखंड चालल्यावरच प्रकट होतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरबस्तानातील धाहरान येथे शंभर तासांहून अधिक काळ अविरत चाललेल्या अमेरिकी पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या घड्याळात सुमारे एक तृतीयांश सेकंदाची तफावत पडली, येणारे क्षेपणास्त्र तिला गवसले नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले. सुधारित सॉफ्टवेअर तेथे पोहोचले ते दुसऱ्या दिवशी! मोलगीत प्राण जात नसतील, पण सर्व्हर बंद पडला की डोंगर उतरून आलेल्या माणसाची मजुरी बुडतेच. म्हणून पुरवठा खात्याने अशा प्रणालीच्या करारनाम्यातच महिनाभराच्या अखंड भाराची चाचणी बंधनकारक करावी आणि तिचा अहवाल जाहीर करावा.