माग सांगणारे खडक

दिल्लीच्या रिजवरील क्वार्ट्झाइट खडकात प्राण्यांच्या वावराच्या खुणा शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तो खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. बिळे करणारे प्राणी त्यानंतर पुष्कळ काळाने अवतरले. अशा खुणांसाठी दिल्लीकराला पोर्ट ब्लेअरजवळच्या कॉर्बिन्स कोव्हचा किनारा गाठावा लागतो. तेथे वाळूखडक आणि शेल यांचे थर आलटून पालटून रचलेले आहेत. समुद्राच्या उतारावरून गढूळ पाण्याचे लोट खोल तळाशी उतरले. त्यांनी आणलेला गाळ म्हणजे हे थर. अंदमानच्या या खडकांत तळावर चरणाऱ्या प्राण्यांचे माग टिकून राहिले आहेत.

शंखशिंपले आणि हाडे हाच काय तो खरा पुरावा, मागांचे महत्त्व दुय्यम, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती योग्य नाही. मेलेला शिंपला प्रवाहाबरोबर कोसच्या कोस वाहत जातो. बीळ मात्र जेथे खणले तेथेच राहते. तळाची साक्ष द्यावी ती बिळानेच.

जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ सायलाखर यांनी १९६० च्या दशकात या खुणांची सांगड समुद्राच्या खोलीशी घातली. लाटांच्या माऱ्यात प्राणी उभ्या बिळांत आश्रय घेतात. खोल, शांत तळावर अन्न विरळ. म्हणून तेथे शेतातील नांगराच्या तासांसारखे, एकमेकांना न छेदणारे नागमोडी माग दिसतात.

परंतु खूण दिसताच खोली सांगून मोकळे होणे हा उतावीळपणा होय. झूफायकस ही पंख्यासारखी खूण प्राचीन काळी उथळ समुद्रातही होती, पुढे ती मुख्यतः खोल तळावर आढळू लागली. खूण प्रत्यक्षात सांगते ती अन्नाची, प्राणवायूची आणि प्रवाहाची स्थिती. ज्या थरात मुळांसारख्या फांद्यांची केवळ कॉन्ड्राइट्स हीच खूण आहे, तेथील गाळात प्राणवायू फार कमी असावा, असे अनुमान त्यामुळेच करता येते.

खूण करणारा प्राणी ओळखलाच पाहिजे, असेही नाही. पॅलिओडिक्टिऑन ही षटकोनी जाळी प्राचीन खडकांतून परिचित होती. १९७६ मध्ये पीटर रोना यांना अटलांटिक महासागरात, सुमारे साडेतीन किलोमीटर खोल तळावर, तशाच मांडणीची छिद्रे आढळली. पुढे अल्विन पाणबुडीतून जाऊन ती जाळी उकरण्यात आली. आत कोणीही नव्हते.