दोनदा हरल्यावर बाहेर

अकरावीतला भाचा गेल्या महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "खाला, मला टेकनच्या टूर्नामेंटला जायचंय. अम्मीला तुम्हीच समजवा." आपा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मारामारीच्या खेळासाठी कसली शिफारस?"

मी शिक्षिका, म्हणून आधी त्याच्याकडूनच धडा घेतला. टेकन, स्ट्रीट फायटर हे एकास एक खेळ. संघ नाही, म्हणून दुसऱ्यावर ढकलायची सोयही नाही. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे सरकतात. कोणता वार किती चित्रांत पोहोचतो आणि तो अडवल्यावर आपली पाळी येते की नाही, हे पाढ्यांसारखे पाठ करावे लागते. नवशिक्याने एकच पात्र धरावे, त्याचे पाच-सहा वार आणि बचाव पक्का करावा.

स्पर्धा बहुधा डबल एलिमिनेशनची असते. पहिला सामना हरला की खेळाडू हरलेल्यांच्या गटात जातो, दुसरा हरला की बाहेर. कंट्रोलर आपला न्यावा, शक्यतो वायरचा. ब्लूटूथचा असेल तर सामना संपताच जोडणी तोडावी, नाहीतर चुकून बटण दाबले जाऊन दुसऱ्यांचा खेळ थांबतो.

आपाची खरी काळजी अभ्यासाची होती. तिला मी 2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांची गोष्ट सांगितली. तिथे स्ट्रीट फायटरचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले, वयाच्या 44 व्या वर्षी! आपल्या देशाचेही दोन खेळाडू तिथे उतरले होते. भाचा खूश झाला. मी म्हटले, "म्हणजे तुलाही घाई नाही. बारावी आधी. महिन्यातला एक रविवार तुझा."

दोन अटी घातल्या. खेळाडूंनीच भरलेले पैसे गोळा करून जिंकणाऱ्याला द्यायचे, अशा स्पर्धेत जायचे नाही. त्यात जुगाराचा वास येतो. आणि जोहरच्या वेळेबद्दल आयोजकांना आधीच सांगून ठेवायचे. त्याने विनाशुल्क स्पर्धा शोधली आणि आपाने बसभाडे दिले.

संध्याकाळी तो परतला. आपाने विचारले, "हरलास ना?"

"हो अम्मी, दोनदा."

पण चेहरा पडलेला नव्हता. ज्याने त्याला बाहेर काढले, त्यालाच याने विचारले होते, "भाई, मी कुठे चुकलो?" त्या मुलाने शेजारी बसवून पंधरा मिनिटे समजावले. एकच वार तो दर वेळी उभ्याने अडवायला जात होता, बसून अडवायचा होता. ते वहीत लिहून आणले होते.

माझ्या वर्गात तपासलेला पेपर हातात पडला की मुले गुण बघतात आणि घडी करून दप्तरात टाकतात. कुठे चुकले, हे विचारायला वर्षाकाठी दोन-तीन जण येतात. या वेळी पेपर वाटताना मी त्यांना भाच्याची वही दाखवणार आहे.

आपाने पुढच्या रविवारची तारीख स्वतःच कॅलेंडरवर लिहिली आहे. खाली चाचणी परीक्षेचीही.