कव्हरखालचं मशीन

हॉस्टेलवर हा प्रकार एकदा तरी होतोच. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कुणीतरी गरम पाणी ओततं आणि बाटली वाकडीतिकडी होते. ‘वितळली रे!’ ती वितळलेली नसते. पेट नावाचं ते प्लास्टिक वितळायला साधारण २५० अंश सेल्सिअस लागतात. ७०-८० अंशांना ते फक्त मऊ पडतं.

हा फरक डीएससीच्या आलेखात स्वच्छ दिसतो. डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री. नाव भारदस्त, काम सरळ. ॲल्युमिनियमच्या दोन चिमुकल्या वाट्या, एकीत काही मिलिग्रॅम नमुना, दुसरी रिकामी. दोन्ही एकाच वेगानं तापवायच्या आणि त्यांना लागणाऱ्या उष्णतेतला फरक मोजत राहायचा. नमुना मऊ पडला की रेषेत छोटी पायरी येते, वितळला की ठळक शिखर.

मी मास कॉमवाला. हे मला एमएस्सी करणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं, आणि तिनंही ते पुस्तकातूनच. तिच्या कॉलेजात मशीन आहे, पण कव्हरखाली. मुलांना लांबून ‘डेमो’ मिळतो, मागच्या बॅचचा आलेख मिळतो. तो जर्नलमध्ये उतरवला की सही. मशीन महागडं, बिघडलं तर भरणार कोण, ही सरांची भीती खोटी नाही. पण मग ते घेतलं कुणासाठी?

स्वतः करून बघण्यात एवढं काय आहे, असं वाटत असेल तर १९८६ आठवा. जानेवारीच्या थंडीत ‘चॅलेंजर’ यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात जणांचा घास गेला. रॉकेटच्या सांध्यातलं रबरी सील थंडीत नीट काम करणार नाही, असं इंजिनीअर आदल्या रात्री सांगत होते. आकडे समोर असूनही कुणाला पटलं नाही. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. क्लॅम्प काढल्यावर तो लगेच मूळ आकारात आलाच नाही. एक ग्लास पाणी, थोडा बर्फ. सगळ्यांना दिसलं.

आमची मागणी छोटी आहे. डीएससी नीट चाललंय का हे तपासायला इंडियम धातूचा कण तापवतात, शिखर १५६.६ अंशांना यायला हवं. निदान एवढं तरी प्रत्येकाला एकदा स्वतःच्या हातानं करू द्या.

मैत्रिणीची जर्नल परवा सर्टिफाय झाली. आलेखाच्या कोपऱ्यात मागच्या बॅचची तारीख तशीच राहिली होती. कुणीच बघितली नाही.