ओवाळणी आणि यादी

वसुबारस जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, आणि आता मोबाईलच्या पडद्यावरूनही, ‘कोणास काय द्याल?’ अशा मथळ्याच्या याद्या झळकू लागतात. पाडव्याला पत्नीसाठी, भाऊबिजेला बहिणीसाठी, हजाराच्या आत, पाच हजारांच्या आत, अशी त्यांची मांडणी असते. आमच्या पिढीतील पुष्कळ मंडळी त्यांना नाक मुरडतात. बहिणीला काय द्यावे हे परक्याने सांगावयाचे काय, असा त्यांचा सवाल असतो. प्रस्तुत लेखकाचेही मत अलीकडेपर्यंत असेच होते. ते आता बदलले आहे. मात्र सर्वस्वी नव्हे.

यादी करून देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड निबंधग्रंथ सिद्ध केला. त्यातील दानखंडात कोणती वस्तू, कोणत्या काळी, कोणत्या स्थळी, कोणास द्यावी याचा विस्ताराने विचार आहे. बंगालच्या बल्लाळसेनाचा ‘दानसागर’ याच्याही सुमारे शतकभर आधीचा. सामान्य गृहस्थाने अठरा पुराणे आणि इतक्या स्मृती चाळावयाच्या कधी? ते श्रम निबंधकाराने घेतले, वेचक वचने एकत्र आणली, आणि प्रत्येक वचन कोठून घेतले ते तेथेच नमूद केले. निवड करणाऱ्याने आपला आधार उघड करावा, ही शिस्त आजच्या यादीकारांनी तेथून अवश्य उचलावी. दान आणि भेट एक नव्हेत, हे मी जाणतो. दानात परतफेडीची अपेक्षा नसते. ओवाळणीत मात्र ताटातील दिव्याला पाकिटाने उत्तर द्यावयाचे असते. तथापि घेणाऱ्यास काय साजेल, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच.

एक दोष मात्र कबूल केला पाहिजे. काय द्यावे हे सांगणारे आणि ते घेणारे पूर्वी बहुधा एकाच वर्गातले होते. राजाने स्वतःच्या वजनाइतके सोने तुळापुरुषदानात द्यावे, असे लिहिणाऱ्यास ते सोने कोणाच्या घरी जाणार हे ठाऊक नसेल काय? माझा स्वतःचा चरितार्थ कीर्तनाच्या बिदागीवर चालला, म्हणून हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. (घरात सत्काराच्या शालींचे दोन गठ्ठे आहेत. त्या कोणत्या यादीतून निघाल्या, देव जाणे.) आज सांगणारा आणि घेणारा एक नसतो; सांगणारा आणि विकणारा पुष्कळदा एक असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो स्पष्टपणे सांगणे बंधनकारक आहे. यादी वाचताना प्रथम ती ओळ शोधावी. ग्राहकांच्या बाजूने निवड होऊ शकते, याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून, माल पारखून, तो घाऊक भावाने आणून वाटण्याचा उपक्रम चालविला.

माझी स्वतःची फजिती निराळीच होती. दोन वर्षांपूर्वी अशाच एका यादीतून, ‘साठीपुढील स्त्रियांसाठी’ या सदराखालचे पाय चेपण्याचे विजेवरील यंत्र मी थोरल्या बहिणीस दिले. अक्का शेजारच्या तालुक्यात खेड्यात राहते. तिने तोंडभरून कौतुक केले. पुढे रामनवमीच्या कीर्तनास तिच्या गावी गेलो, तो यंत्र खोक्यासकट माळ्यावर! घरातील विजेचा खटका पुढच्या सोप्यावर. तेथे मुला-सुनांसमोर पाय पसरून बसणे तिला प्रशस्त वाटेना. त्याच दिवशी तिला पोथी वाचताना पाहिले. ती नाकाशी धरली होती, आणि निम्म्या ओव्या पाठ म्हणून केवळ पाने उलटत होती. जन्मभर पोथीवर पोट भरलेल्या मला बहिणीची दृष्टी मंदावल्याचे ठाऊक नव्हते. त्या यादीने मला फसविले नाही. तिला वय कळत होते, अडचण कळत नव्हती; आणि मीही सांगितली नाही, कारण मलाच ती माहीत नव्हती.

महाभारताच्या अनुशासनपर्वातील एक कथा मी पुष्कळदा उत्तररंगात लावतो. जमदग्नी बाण सोडी आणि रेणुका ते वेचून आणी. ज्येष्ठातील भर दुपारी तिचे मस्तक व पाय पोळले, ती वाटेत झाडाखाली थांबली. विलंबाचे कारण कळताच ऋषीने सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणरूपाने आला, शरण गेला आणि त्याने दिले काय, तर छत्र आणि चामड्याचे जोडे. त्रिभुवन उजळणाऱ्याला रत्नांचा तोटा नव्हता. पण पोळले होते डोके आणि पाय.

गेल्या वर्षी कृष्णाकाठच्या आमच्या गावातील वाचनालयाच्या फळ्यावर दिवाळीपूर्वी खडूने लिहिलेली एक यादी लागली. ‘दृष्टी मंदावलेल्यांसाठी’, ‘नुकतेच वाचू लागलेल्यांसाठी’, ‘अंथरुणास खिळलेल्यांसाठी’ अशी तिची सदरे. प्रत्येक ग्रंथापुढे किंमत, अक्षरांचा आकार आणि वजन. एका पोथीपुढे ‘जड आहे, पुढे पाट घेऊन वाचावी’ असा शेरा, तर दुसरीपुढे ‘छपाई फिकी, घेऊ नये’. लिहिणाऱ्या ग्रंथपालबाई स्वतः काही विकीत नाहीत. ठळक टाइपाची ती जड पोथी मी त्याच दिवशी मागविली.

भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर अक्काने ती पाटावर उघडली आणि मान न वाकविता अर्धा अध्याय वाचला. मग म्हणाली, “अरे, हे आधी का नाही आणलंस?” मी फराळाचे ताट पुढे ओढले. यंत्र अद्याप माळ्यावरच आहे.