विश्लेषण : आडात नाही ते ‘हाय-रेझ’ पोहऱ्यात कुठून येणार?

‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा अल्बम मे १९८५ मध्ये आला आणि सीडीच्या दहा लाख प्रती खपणारा पहिला अल्बम ठरला. वीस वर्षांनी, २००५ मध्ये, तोच अल्बम ‘सुपर ऑडिओ सीडी’ या हाय-रेझोल्यूशन प्रकारात पुन्हा बाजारात आला. पण या अल्बमचे मूळ ध्वनिमुद्रणच जवळपास सीडीइतक्या क्षमतेच्या डिजिटल टेपवर झाले होते. मग नव्या आवृत्तीत जास्तीचे काय मिळाले? जुन्या अल्बमच्या ‘हाय-रेझ’ आवृत्तीसाठी पुन्हा पैसे मोजणाऱ्या प्रत्येक श्रोत्याने विचारावा, असा हा प्रश्न आहे.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ म्हणजे नेमके काय?

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या लहरीचे ठरावीक अंतराने मोजमाप घेतले जाते. सीडीसाठी ते सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एकीत नोंदवतात. हाय-रेझमध्ये मोजमापे सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० असतात आणि २४ बिटमुळे पातळ्या १ कोटी ६७ लाखांवर जातात.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात पिक्सेल वाढले की छायाचित्र अधिक रेखीव होते, तसेच इथेही होत असेल असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतानुसार, एखाद्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज टिपायला तिच्या दुपटीपेक्षा थोडी अधिक मोजमापे पुरतात. तेवढी मोजमापे असली, की त्यांच्यामधली लहर पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंत पोहोचते. मोजमापे वाढवल्याने त्यावरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांना जागा मिळते. बिट वाढवल्याने सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर वाढते : सीडीत सुमारे ९६ डेसिबल, तर २४ बिटमध्ये कागदोपत्री १४४ डेसिबल.

‘ब्रदर्स इन आर्म्स’ कसा ध्वनिमुद्रित झाला?

कॅरेबियन समुद्रातील माँटसेराट बेटावर जॉर्ज मार्टिन यांचा ‘एअर’ स्टुडिओ होता. तिथे १९८४ च्या अखेरीस या अल्बमचे काम सुरू झाले. ध्वनिमुद्रणासाठी सोनीचे २४ ट्रॅकचे डिजिटल टेप यंत्र वापरले गेले. हे यंत्र १६ बिटचे होते आणि त्याचा वेग सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० मोजमापे एवढाच होता. म्हणजे गिटार आणि ड्रमचा आवाज टेपवर उतरला त्याच क्षणी त्याची कमाल मर्यादाही ठरून गेली.

अशी स्टिरिओ फाइल २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झमध्ये बदलता येते, पण त्या रूपांतराने मूळ वादनाची माहिती वाढत नाही. वाढतो तो फाइलचा आकार. सुमारे ५५ मिनिटांचा हा अल्बम दाबून लहान न करता साठवला, तर सीडीच्या दर्जात ५८० एमबी भरतो आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये ३.८ जीबी. हंडा मोठा झाला, पाणी तेवढेच राहिले.

मग २००५ ची आवृत्ती निव्वळ धूळफेक होती का? नाही. तिच्यासाठी मूळ ट्रॅकवरून ५.१ सराउंडचे नवे मिश्रण केले गेले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. त्यात श्रोत्याला जो फरक ऐकू येतो, तो प्रामुख्याने या नव्या मिश्रणाचा आहे. त्याचे श्रेय ध्वनी अभियंत्यांच्या कामाला द्यायचे, की वेष्टनावरच्या आकड्यांना?

अॅनालॉग टेपवरच्या अल्बमचे काय?

तिथे परिस्थिती वेगळी आहे. ‘फ्लीटवूड मॅक’चा १९७७ चा ‘रूमर्स’ अॅनालॉग टेपवर ध्वनिमुद्रित झाला. टेपला मोजमापांची मर्यादा नसते, त्यामुळे तिच्यावरून नव्याने हाय-रेझ नक्कल करण्याला अर्थ आहे. पण टेपला स्वतःची खरखर असते आणि ती सीडीच्या ९६ डेसिबलच्या मर्यादेपेक्षा बरीच वर असते. वाढीव बिटमध्ये बहुतांशी ही खरखरच अधिक बारकाईने टिपली जाते. शिवाय टेप झिजते. ‘रूमर्स’ची मूळ टेप ध्वनिमुद्रण चालू असतानाच वारंवार वाजवून झिजली आणि ड्रमचा वरचा खणखणीतपणा हरवला. अखेर जपून ठेवलेल्या दुसऱ्या टेपचा आधार घ्यावा लागला. अशा अल्बमच्या बाबतीत नवी आवृत्ती कोणत्या टेपवरून आणि ती टेप कोणत्या अवस्थेत असताना केली, हे तिच्या बिटसंख्येपेक्षा कितीतरी महत्त्वाचे ठरते.

कानाला फरक कळतो का?

याच्या चाचण्या झाल्या आहेत. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना हाय-रेझ ध्वनी आणि तोच सीडीच्या दर्जातून काढलेला ध्वनी ऐकवला गेला. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे येईल तेवढेच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते सुमारे ६० टक्के होते. थोडक्यात, फरक असला तरी अगदी सूक्ष्म आहे. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनवर तर ध्वनी पुन्हा दाबून लहान केला जात असल्याने तोही उरत नाही.

मास्टरिंगमधला फरक मात्र कुणालाही कळतो. ‘मेटालिका’चा ‘डेथ मॅग्नेटिक’ २००८ मध्ये आला, तेव्हा सीडीचा आवाज इतका चढवलेला होता की तो फाटल्यासारखा ऐकू येत होता. त्याच गाण्यांची ‘गिटार हिरो’ या व्हिडीओ गेममधील आवृत्ती मोकळी आणि स्वच्छ वाटल्याने चाहत्यांनी नव्या मास्टरिंगसाठी ऑनलाइन सह्या गोळा केल्या. असा चढवलेला मास्टर २४ बिटमध्ये विकला, तरी फाटलेलाच राहणार.

मग ग्राहकाला काय सांगितले पाहिजे?

आश्चर्य म्हणजे जुन्या सीडीवर याबाबत अधिक माहिती असे. ‘एएडी’, ‘एडीडी’, ‘डीडीडी’ या तीन अक्षरांतून ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि मास्टरिंग अॅनालॉग होते की डिजिटल, हे कळे. २०१४ मध्ये अमेरिकेतील उद्योग संघटना आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी हाय-रेझ संगीतासाठी चार वर्ग ठरवले. स्रोत अॅनालॉग टेप आहे की सीडीच्याच दर्जाचा मास्टर, हे त्यातून सांगायचे होते. आज स्ट्रीमिंग अॅपवर ‘हाय-रेझ’चा शिक्का दिसतो, हे वर्ग दिसत नाहीत.

माहिती दडवण्याची किंमत ‘मोबाइल फिडेलिटी’ या अमेरिकी कंपनीने मोजली. अस्सल अॅनालॉग म्हणून चढ्या भावाने घेतल्या गेलेल्या तिच्या अनेक रेकॉर्डच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे जुलै २०२२ मध्ये उघड झाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. विशेष म्हणजे, त्या रेकॉर्डची वाखाणणी जाणकार श्रोते वर्षानुवर्षे करत होते. ध्वनीत खोट नव्हती, सांगण्यात होती.

उपाय अवघड नाही. प्रत्येक पुनर्प्रकाशित अल्बमसोबत तीन गोष्टी छापाव्यात : मूळ ध्वनिमुद्रण कशावर झाले, ही आवृत्ती कोणत्या टेपवरून किंवा फाइलवरून केली आणि मास्टरिंग कुणी, केव्हा केले. ही माहिती कंपन्यांच्या दप्तरी असतेच. ती मिळेपर्यंत श्रोत्याने बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे पाहून खिशात हात घालू नये. आधी आडात काय आहे ते विचारावे, मग पोहऱ्याची किंमत करावी.