पॅच बसला, पण जुळला का?

जुन्या कर्नेलवर दुरुस्ती नेताना कॉन्फ्लिक्ट आला की आपण वैतागतो. खरे तर तो आला, तर निदान दोन्हीकडचा कोड वाचावा लागतो. चेरी-पिक विनातक्रार पार पडते, बिल्ड होते, मशीन बूट होते, तेव्हा तो पॅच सहसा कोणीच वाचत नाही. घात होतो तो इथे.

डिसेंबर २०२३चे प्रकरण आठवा. एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये ओ-सिंक लावून डायरेक्ट आय/ओने लिहिल्यानंतर फाइलचा वाढलेला आकार डिस्कवर नीट नोंदवला जात नव्हता. मेनलाइनमधली दुरुस्ती बिनचूक होती. तिथून ती ६.१.६४ या स्टेबल आवृत्तीत आली. पण ती एका गृहीतावर उभी होती. लेखन संपल्यावर फाइलमधले स्थान नेमके केव्हा पुढे सरकवायचे, याचा क्रम आयोमॅप थरात ६.५च्या वेळी किंचित बदलला होता आणि तो बदल ६.१मध्ये नव्हता. परिणामी डायरेक्ट आय/ओनंतर फाइलमधले स्थान पुढे जाईना आणि नंतरचा डेटा भलत्याच जागी लिहिला जाऊ लागला. ९ डिसेंबरला येऊ घातलेल्या डेबियन १२.३च्या इमेज रोखाव्या लागल्या. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नेल घेऊन १२.४ आले.

यात मूळ लेखकाला दोष देता येत नाही. त्याच्या ट्रीमध्ये आयोमॅपचा बदल आधीच होता. आपली दुरुस्ती त्यावर अवलंबून आहे हे त्याला जाणवण्याचे कारणच नव्हते. स्टेबलच्या नियमांत सीसी टॅगपुढे आधी लागणाऱ्या कमिटची नोंद करण्याची सोय आहे, पण ती नोंद करायला अवलंबित्व ठाऊक असावे लागते. फाइलचा इतिहास तपासूनही ते सापडले नसते, कारण दुरुस्ती एक्स्ट४च्या फाइलीत होती आणि उणीव आयोमॅपच्या. दोन थरांमधला हा करार कोणत्याही हेडरमध्ये लिहिलेला नव्हता. चाचणीला मात्र तो कळला होता. ५.१५.१४०च्या रिलीज कँडिडेटची तपासणी चालू असताना एलटीपी या चाचणीसंचातली प्रीॲडव्ही०३ ही चाचणी नापास झाल्याचे कळवले गेले होते आणि डेटा बिघडण्याचे मूळ त्याच धाग्यावरून सापडले.

अशा घटनेनंतर ‘स्टेबल अद्यतने घेणेच नको, सुरक्षेचे तेवढे पॅच निवडून घेऊ’ असा सूर निघतो. आम्हाला तो मान्य नाही. डर्टी काऊ हा सुरक्षेचा दोष २.६.२२पासून कर्नेलमध्ये होता आणि ऑक्टोबर २०१६मध्ये दुरुस्त झाला. सुरक्षेचा प्रश्न कोणत्या साध्या दिसणाऱ्या बगमध्ये दडला आहे, हे आधी ओळखता येत नाही. शिवाय स्टेबलची आवृत्ती जगभर असंख्य यंत्रांवर चालते, तिच्यातली चूक कोणाला ना कोणाला लवकर दिसते. आपण निवडून केलेले मिश्रण फक्त आपल्याकडे चालते, आणि त्यातली चूक शोधणारेही आपणच. एक्स्ट४चा अपघात दुरुस्ती घेतल्यामुळे झाला नाही; तिच्यासोबतचा बदल मागे राहिल्यामुळे झाला. निवडून घेणाऱ्याच्या हातून तर असे बदल अधिकच मागे राहतात.

तरीही राउटर, मीटर, वैद्यकीय उपकरणे अशा उत्पादनांवर काम करणाऱ्यांना स्वतः बॅकपोर्ट करणे टळत नाही. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्मसारखा प्रकल्प एकेक कर्नेल किमान दहा वर्षे सांभाळण्याचे ध्येय ठेवतो, ते याच गरजेपोटी. अशा संघांना आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे.

पहिली, बदललेल्या फंक्शनला कोण बोलावते आणि ते कोणते मूल्य परत मिळेल असे धरून चालते, हे जुन्या आणि नव्या दोन्ही ट्रींमध्ये वाचा. पॅच विनातक्रार बसला असेल तर आवर्जून वाचा. दुसरी, अपस्ट्रीम कमिटचा क्रमांक कायम ठेवा आणि जुन्या शाखेसाठी काय बदलले, का बदलले, ते आपल्या साइन-ऑफच्या वर चौकटी कंसात लिहा. काहीच बदलले नसेल, तर काय तपासून तसे ठरवले तेही लिहा. तिसरी, स्टेबलच्या रिलीज कँडिडेटला तपासणीसाठी साधारण ४८ तास मिळतात. त्या वेळात ती आपल्या खऱ्या हार्डवेअरवर चालवा आणि नापास चाचणीचे कारण कळेपर्यंत ‘ती चाचणी अधूनमधून पडतेच’ असे म्हणून पुढे जाऊ नका.

या कामाला वेळ लागतो आणि बहुतेक नियोजनपत्रकांत तो धरलेलाच नसतो. ‘पॅच तयारच आहे, फक्त लावायचाय’ असे म्हणत बॅकपोर्टला अर्धा दिवस दिला जातो. मेनलाइनमध्ये त्या पॅचची छाननी झाली ती मेनलाइनपुरती. पाच वर्षे जुन्या शाखेसाठी तो नवा कोडच आहे. नव्या कोडला जितका वेळ, जितके वाचक आणि जितक्या चाचण्या आपण देतो, तितक्या बॅकपोर्टलाही मिळाल्या पाहिजेत. पुढच्या नियोजनाच्या बैठकीत ही मागणी व्यवस्थापकांपुढे आपणच ठेवायची आहे.